खोडदच्या डिश नेमकं करतात काय? रेल्वेच्या निमित्ताने थोडं सविस्तर

पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की आमच्या जुन्नर, आंबेगाव, संगमनेर पट्ट्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "त्या खोडदच्या दुर्बिणीपायी आपली रेल्वे गेली." नारायणगाववरून जाणारा मार्ग जीएमआरटीमुळे (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे हीच खोडदची रेडिओ दुर्बीण) बदलावा लागणार असं रेल्वे खात्याने सांगितलं तेव्हापासून लोक चिडलेत आणि तो राग मला कळतो, टोमॅटोचं एवढं मोठं मार्केट इथे, रोज चाकणला जाणारी पोरं, हायवेचे हाल सगळ्यांनी बघितलेत. पण या सगळ्या बोलण्यात तिथे चालतं काय हे कोणी विचारतच नाही. ३० डिश आहेत, आकाशाकडे तोंड करून फिरतात, सायंटिस्ट लोक ग्रहताऱ्यांचे फोटो काढतात, एवढ्यावर विषय संपतो.

तिथे बरीच कामं चालतात, पण एक काम मला सगळ्यात जास्त आवडतं आणि रेल्वेचा त्रास नक्की कशाला होतो हे कळायलाही तेच सोपं पडेल म्हणून त्याबद्दलच लिहितो. ते काम आहे वेळ लिहून ठेवण्याचं. आकाशातून एक ठोका आला, तो किती वाजता आला, हे सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागापर्यंत लिहायचं, आणि हे वर्षानुवर्षं करत राहायचं.

## वेळच का मोजायची?

आकाशातल्या वस्तूपर्यंत आपला हात पोचत नाही, तिला टेप लावता येत नाही की तराजूत टाकता येत नाही. तिच्याकडून जो काही प्रकाश किंवा रेडिओ लहरी येतात त्यातून चारच गोष्टी कळतात, कुठून आलं, किती जोरात आलं, कुठल्या रंगाचं म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीचं आलं, आणि कधी आलं. यातलं 'कधी' माणसाला सगळ्यात बारीक मोजता येतं. जुन्या लग्नांत मुहूर्त साधायला पाण्यात घटिकापात्र सोडायचे, बुडाला भोक असलेलं ते वाटीसारखं भांडं बुडालं की एक घटका म्हणजे २४ मिनिटं झाली. आज सीझियम अणूची ९,१९,२६,३१,७७० कंपनं झाली की एक सेकंद झाला असं धरतात. घटिकापात्रापासून इथपर्यंत आपण आलो आणि वाटेत प्रत्येक पायरीवर आकाशाबद्दल काहीतरी नवीन कळत गेलं.

एक जुनं उदाहरण सांगतो कारण पुढचं सगळं त्याच पद्धतीने चालतं. गुरू ग्रहाला आयो नावाचा चंद्र आहे, तो साधारण साडेबेचाळीस तासांत एक चक्कर मारतो आणि दर चकरेला गुरूच्या सावलीत जातो, म्हणजे ग्रहण लागतं. सतराव्या शतकात या ग्रहणांचं टाइमटेबल बनवलेलं होतं. ओले रोमर या डॅनिश माणसाच्या लक्षात आलं की पृथ्वी गुरूच्या जवळ असते तेव्हा ग्रहणं लवकर होतात आणि लांब जाते तेव्हा उशिरा. दुसरा कोणी असता तर टाइमटेबल चुकलंय म्हणून सोडून दिलं असतं. रोमरने १६७६ मध्ये सांगितलं की आयो वेळेवरच आहे, प्रकाशालाच आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो आणि अंतर वाढलं की तो वेळ वाढतो. प्रकाशाला वेग आहे हे जगाला असं कळलं, दुर्बिणीत नवीन काही न दिसता, नुसतं "हे उशिरा का आलं?" असं विचारून.

## पल्सर म्हणजे आकाशातलं घड्याळ

मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो तेव्हा त्याचा आतला गाभा दाबला जाऊन जे उरतं त्याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. वजन सूर्याच्या साधारण दीडपट आणि व्यास २० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे स्वारगेटपासून निगडीपर्यंत. हा गोळा स्वतःभोवती गरागरा फिरतो आणि त्याच्या चुंबकीय टोकांतून रेडिओ लहरींचा झोत निघतो. रत्नागिरीच्या दीपगृहाचा झोत जसा फिरत फिरत आपल्या डोळ्यावरून गेला की एक चमक दिसते तसं हा झोत पृथ्वीवरून गेला की रेडिओ दुर्बिणीत एक ठोका येतो. असे ठोके देणारा न्यूट्रॉन तारा म्हणजे पल्सर.

पहिला पल्सर १९६७ मध्ये केंब्रिजला जॉसलिन बेल या पीएचडी करणाऱ्या मुलीला सापडला. मैलभर लांबीच्या कागदावर शाईने उमटणाऱ्या रेघा ती रोज डोळ्यांनी तपासायची आणि त्यात तिला एक बारीकशी खरखर दिसली, पुढे बघितलं तर ते १.३३ सेकंदाच्या अंतराने येणारे ठोके निघाले. आता हे एखाद्या गाडीचं किंवा मशीनचं नाही हे तिला कसं कळलं? तर ती खरखर रोज चार मिनिटं आधी यायची. तारे रोज आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं लवकर उगवतात, कारण ताऱ्यांच्या हिशोबाने पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांची आहे. पृथ्वीवरचं मशीन आपल्या घड्याळाने चालतं, ताऱ्यांच्या नाही. म्हणजे तिथेही उत्तर वेळेनेच दिलं. या शोधाचं नोबेल १९७४ मध्ये तिच्या गाइडला मिळालं, तिला नाही, आणि ते बरोबर झालं नाही असं मला आजही वाटतं.

मग १९८२ मध्ये एक फारच वेगळा पल्सर सापडला, सेकंदाला ६४२ फेरे. घरातला मिक्सर फुल स्पीडला मिनिटाला साधारण १८-२० हजार फेरे मारतो, हा गोळा सूर्याहून जड असून ३८ हजारांच्या वर मारतो. शोधणाऱ्यांमध्ये श्रीनिवास कुलकर्णी होते, तेव्हा ते बर्कलीला शिकत होते, जन्म आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. अशा पल्सरना मिलिसेकंद पल्सर म्हणतात आणि त्यांचं फिरणं इतकं स्थिर असतं की काहींचा पुढचा ठोका कधी येणार हे वर्षभर आधी सांगता येतं, तेही मायक्रोसेकंदाच्या आतच्या चुकीने. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

## खोडदला ठोका पकडतात कसा?

जीएमआरटी ही रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची कल्पना. प्रत्येक डिश ४५ मीटर व्यासाची, १४ डिश मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या भागात आणि बाकी १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, टोकाच्या डिशमध्ये २५ किलोमीटरपर्यंत अंतर. डिशला भरीव पत्रा नाहीये, तारेची जाळी आहे, कारण त्या ज्या लांब लहरी पकडतात त्यांना जाळीची भोकं जाणवतच नाहीत आणि वारा आरपार जातो, म्हणून एवढ्या मोठ्या डिश कमी खर्चात उभ्या राहिल्या.

आता एकाच ताऱ्याची लहर सगळ्या डिशवर एका क्षणी पोचत नाही, तिरकी आली तर एका डिशवर आधी आणि दुसरीवर नंतर. २५ किलोमीटर जायला प्रकाशाला साधारण ८३ मायक्रोसेकंद लागतात, तेवढा फरक आधी काढून टाकायचा, मग सगळ्या डिशचे सिग्नल फायबरने एका जागी आणून बेरीज करायची.

बेरीज करूनही बहुतेक पल्सरचा एकेकटा ठोका गोंगाटात बुडालेलाच असतो आणि शिवाय प्रत्येक ठोक्याचा आकार वेगळा. आपली सही बघा, दोन वेळा केली तर तंतोतंत सारखी येत नाही, पण हजार सह्या एकावर एक ठेवल्या तर मधून एक पक्का आकार दिसतो. तसेच लाखो ठोके एकावर एक रचले की त्या पल्सरचा ठरलेला आकार वर येतो, मग तो आकार आधीच्या नमुन्यावर सरकवत नेऊन बरोबर कुठे बसतो ते बघायचं आणि वेळ लिहायची. ही नोंद जागतिक वेळेशी जुळवलेल्या घड्याळाने होते. आणि त्या जागतिक वेळेलाही सांभाळावं लागतं, पृथ्वीचं फिरणं थोडं कमीजास्त होतं म्हणून मध्येमध्ये एक सेकंद जादा घालतात, शेवटचा घातला तेव्हा भारतात १ जानेवारी २०१७ ची पहाट होती आणि घड्याळात ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद अशी वेळ झाली होती.

## मग वजाबाकी सुरू

खोडदला लिहिलेली वेळ तशीच वापरता येत नाही कारण खोडद स्वतः पळतंय. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, सूर्यापासून आपल्यापर्यंत यायला प्रकाशाला ४९९ सेकंद लागतात, म्हणजे एखादा पल्सर सोयीच्या दिशेला असेल तर त्याचे ठोके एका महिन्यात आठ मिनिटं लवकर आणि सहा महिन्यांनी आठ मिनिटं उशिरा येतील. रोमरचाच हिशोब. म्हणून वेळ अशा जागेची काढतात जिथे सगळ्या सूर्यमालेचा तोल साधतो, आणि ती जागा सूर्याच्या मध्यात नसते, गुरू इतका जड आहे की तो तोलबिंदू कधीकधी सूर्याच्या पृष्ठभागाच्याही बाहेर जातो.

त्यानंतर आइन्स्टाइनचा हिशोब. पृथ्वी वर्षभरात सूर्याच्या थोडी जवळ-लांब होते, तिचा वेगही बदलतो, त्यामुळे आपली घड्याळं वर्षभरात दीड मिलिसेकंदाहून थोडी जास्त पुढेमागे होतात. तेही काढा. पल्सर सूर्याच्या कडेजवळून दिसत असेल तर सूर्याच्या गुरुत्वाने अजून शंभरेक मायक्रोसेकंद लागतात, तेही काढा.

आणि मग येतो वायूचा हिशोब, जिथे खोडदचं खरं मोल आहे. दोन ताऱ्यांच्या मधली जागा अगदी रिकामी नसते, विरळ इलेक्ट्रॉन असतात. समजा चाकणवरून एक मोटरसायकल आणि एक भरलेला ट्रक एकाच वेळी निघाले, सपाट रस्त्यावर सोबत राहतील, घाट लागला की ट्रक मागे पडणार. घाट जेवढा मोठा तेवढं अंतर जास्त, म्हणजे पलीकडे उभं राहून दोघांच्या येण्यातला फरक मोजला तर घाट न बघता त्याचा अंदाज येतो. रेडिओ लहरींत कमी फ्रिक्वेन्सी म्हणजे ट्रक. त्या ६४२ फेऱ्यांच्या पल्सरचा ४०० मेगाहर्ट्झचा ठोका १४०० मेगाहर्ट्झच्या ठोक्यापेक्षा दीड सेकंदाहून जास्त मागे पडतो, तेवढ्या वेळात तो तारा हजार वेळा फिरून झालेला असतो! आणि मधला वायू हलतो, त्यामुळे हा फरक दर महिन्याला जरा बदलतो, तो नीट काढला नाही तर पुढचं सगळं गणित वाया.

जगातल्या बऱ्याच मोठ्या दुर्बिणी हे काम वरच्या फ्रिक्वेन्सीवर करतात जिथे हा फरक छोटा असतो आणि म्हणून मोजायला अवघड. खोडदला काही डिश ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर आणि काही १२६० ते १४६० वर लावून एकाच वेळी ट्रक आणि मोटरसायकल दोन्ही पकडतात. इंडियन पल्सर टायमिंग अ‍ॅरे म्हणून भारत आणि जपानच्या संशोधकांचा गट आहे, ते साधारण दर दोन आठवड्यांनी हे करतात.

## बाकी शून्य आली नाही तर?

एवढं सगळं काढून जो फरक उरतो त्याला मी इथे 'बाकी' म्हणतो, शाळेतल्या गणितातली बाकी. शून्य आली तर आपल्याला सगळं कळलंय. शून्य आली नाही तर कोणीतरी ठोक्याला उशीर करतंय आणि तो कोण हे शोधायचं.

१९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना एका पल्सरची बाकी पावणेआठ तासांनी वरखाली होताना दिसली, निघालं काय तर तो दुसऱ्या एका न्यूट्रॉन ताऱ्याभोवती फिरत होता. पुढे वर्षानुवर्षं मोजल्यावर दिसलं की त्यांची एक प्रदक्षिणा दरवर्षी ७६ मायक्रोसेकंदांनी लहान होतेय, म्हणजे ऊर्जा कुठेतरी जातेय, आणि ती बरोबर तेवढीच होती जेवढी आइन्स्टाइनच्या गणिताप्रमाणे गुरुत्वीय लहरींतून जायला पाहिजे. त्यासाठी १९९३ चं नोबेल. १९९२ मध्ये अजून एका पल्सरच्या बाकीतून त्याच्याभोवतीचे ग्रह सापडले, सूर्यमालेबाहेरचे खात्रीने कळलेले ते पहिले ग्रह, आणि ते कोणी डोळ्यांनी बघितलेले नाहीत.

आता सगळ्यात मोठी बाकी. दोन आकाशगंगा एकमेकीत मिसळतात तेव्हा त्यांच्या मधली अवाढव्य कृष्णविवरं, सूर्याच्या कोट्यवधी पट वजनाची, एकमेकांभोवती फिरायला लागतात आणि त्यांच्यामुळे अवकाशातच लाटा उठतात, याच गुरुत्वीय लहरी. अशी एक लाट आपल्यावरून पूर्ण जायला कित्येक वर्षं लागतात. ती जाताना आपल्यातलं आणि पल्सरमधलं अंतर अगदी किंचित ताणलं-आकसलं जातं आणि ठोके काही शे नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही कमी पुढेमागे होतात. शंभर नॅनोसेकंदांत प्रकाश ३० मीटर जातो, म्हणजे हजारो प्रकाशवर्षं लांबच्या ताऱ्यापासूनच्या अंतरात एका बसथांब्याएवढा फरक पकडायचा आहे.

## "पण आपलंच घड्याळ चुकलं असेल तर?"

हा प्रश्न कोणालाही पडेल आणि पडायलाच पाहिजे. याचं उत्तर एका पल्सरवर कधीच मिळत नाही, म्हणून डझनावारी पल्सर लागतात.

समजा घरी जेवायला दहा पाहुणे बोलावले आणि दहाही जण बरोबर पाच मिनिटं उशिरा आले, तर दोष तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा. तसंच सगळ्या पल्सरची बाकी एकसारखी सरकली तर पृथ्वीवरच्या घड्याळात चूक. समजा एका बाजूच्या गावातले सगळे उशिरा आणि उलट्या बाजूचे सगळे लवकर आले, तर तुम्ही स्वतःचं घर नकाशावर चुकीच्या जागी दाखवलंय. पल्सरच्या बाबतीत हे खरंच झालं होतं, गुरूची जागा आणि वजन पुरेसं नेमकं माहिती नसल्याने तो तोलबिंदू जरासा चुकत होता आणि ती चूक गुरुत्वीय लहरीसारखी दिसत होती.

गुरुत्वीय लहरीची खूण वेगळी असते. आकाशात शेजारी दिसणाऱ्या दोन पल्सरची बाकी सारखी हलते, साधारण काटकोनात असलेल्या दोघांची उलटी हलते, आणि अगदी समोरासमोर असलेल्यांची पुन्हा थोडी सारखी. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी हे १९८३ मध्येच गणिताने काढून ठेवलं होतं. घड्याळ चुकून किंवा नकाशा चुकून असा नमुना बनत नाही.

आणि २९ जून २०२३ ला अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, चीनच्या गटांनी एकाच वेळी सांगितलं की हा नमुना दिसायला लागलाय. युरोपच्या निकालात आपला भारतीय गट बरोबरीने होता, २५ पल्सर, जवळपास २५ वर्षांच्या नोंदी, आणि त्यात खोडदच्या साडेतीन वर्षांच्या नोंदी. विज्ञानात 'शोध लागला' म्हणायला जेवढी खात्री लागते तेवढी तेव्हा झालेली नव्हती म्हणून सगळ्यांनी 'पुरावा मिळाला' एवढंच म्हटलं, आणि मला ते फार आवडलं, २५ वर्षं थांबलेली माणसं अजून थोडं थांबायला तयार होती.

हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वीय लहरी पकडणारं लायगो होतंय मग हे कशाला असंही विचारतात. लायगोच्या मशीनचे हात चार किलोमीटरचे, त्यात सेकंदाला दहापासून काही शे वेळा हलणाऱ्या लाटा सापडतात, लहान कृष्णविवरांच्या टकरीच्या. कित्येक वर्षांत एकदा हलणाऱ्या लाटेला हजारो प्रकाशवर्षं लांबीचा हात लागतो, आणि तो हात म्हणजे पृथ्वी ते पल्सर.

## आता रेल्वे

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीत कित्येक वर्षं विचित्र ठोके यायचे, दिसायला लांबून आल्यासारखे, ट्रक-मोटरसायकलचा फरक पण बऱ्यापैकी तसाच. २०१५ मध्ये कळलं की तिथल्याच किचनमधल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार कोणी वेळ संपायच्या आधी उघडलं की ते यायचे. एका ओव्हनने एवढं होतं. विजेच्या रेल्वेत वरच्या तारेला घासताना ठिणग्या उडतात आणि ठिणगी म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सीवर एकदम ओरडणं, कमी फ्रिक्वेन्सीवर तर नक्कीच, आणि खोडदचं काम तिथेच चालतं. त्यात शेकडो प्रवाशांचे मोबाइल आणि गाडीची स्वतःची वायरलेस.

"मग दुर्बीण हलवा ना" असं सहज म्हटलं जातं. जागा निवडताना आजूबाजूचे डोंगर बघितले होते, ते शहरांचा रेडिओ गोंगाट अडवतात, डिश जमिनीत पक्क्या रोवलेल्या आहेत, फायबर २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात टाकलेलं. ते सगळं दुसरीकडे परत उभारता येईलही, पण लाट कित्येक वर्षांची आहे आणि नोंदीत मोठा खंड पडला तर तो भरून काढता येत नाही, गेलेल्या महिन्याचा ठोका परत येत नाही. माझं म्हणणं एवढंच की रेल्वे मागणाऱ्यांचा हक्क खरा आहे, त्यांना दुसरा चांगला मार्ग लवकर मिळाला पाहिजे, आणि त्यांना हे सगळं आधी कोणीतरी आपल्या भाषेत नीट सांगायला पाहिजे होतं.

## आणि उपयोग काय?

एक उपयोग आत्ताच दिसतोय. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नासाने पल्सरचे क्ष-किरण ठोके मोजून स्थानक कुठे आहे ते काढून दाखवलं. पृथ्वीपासून लांब जाणाऱ्या यानाला जीपीएस मिळत नाही, त्याला हे कामाला येईल. पण ज्यांनी ठोके मोजले त्यांनी त्यासाठी मोजले नव्हते हेही खरं.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या वेळी खोडदला लोकांना आत सोडतात, शाळेच्या गाड्या येतात, तेव्हा पोरांना घेऊन जा. आत मोबाइल बंद ठेवायला सांगतील, आता कशासाठी ते तुम्हाला माहिती आहे. आणि डिशसमोर फोटो काढून झाला की तिथल्या कोणाला तरी एखाद्या पल्सरच्या बाकीचा ग्राफ दाखवा म्हणा. शून्याच्या रेघेभोवती पसरलेले ठिपके दिसतील, त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे कोणीतरी तासभर बसून लिहिलेली एक वेळ.